लखनौची सावली जाता जात नाही

गोमती नगर, लखनौ
१७ मे

ती. चंद्रप्रभाआत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

मेतकुटाचा डबा पोचला. वाटेत फुटला नाही, पण उघडल्यावर घरात टिकलाही नाही. तुमचा भाचा वरद भातावर, पोळीवर आणि शेवटी नुसताच तळहातावर घेऊन तो संपवता झाला. फोनवर तुमचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि आपलं बोलणं हॅलोच्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र. वरद म्हणतो, या काळात पोस्टखातं आपण दोघीच चालवत असू.

आता माझी बातमी. आमच्या सोसायटीत तळमजल्याला क्लबरूम आहे. तिथं एक मोडकं टेबल आणि पुष्कळ कोळी राहत होते. मी ती झाडून घेतली आणि शनिवार-रविवार लहान मुलांचा ‘खटपट वर्ग’ सुरू केला. पुस्तक नाही, पाठांतर नाही. हातानं करायचं आणि डोळ्यांनी बघायचं. परवा कपड्यांच्या हँगरचा तराजू करून आम्ही कैऱ्या शेंगदाण्यांनी तोलल्या. एकाच कैरीचं वजन दर वेळी कमीच भरायला लागलं. मुलांनी एकमतानं ठरवलं की कैरी उन्हानं वाळते आहे. मग मी पृथ्वीराजचे गाल बघितले. हा आमच्या शेजारच्या फौजी घरातला पाच वर्षांचा शास्त्रज्ञ, तोलून झालेले शेंगदाणे मोजायच्या आधीच तोंडात ठेवत होता.

आत्या, इतकी मजा चालली आहे की मला भीती वाटते. आमचे सेक्रेटरी मधुसूदन सक्सेनाजी बँकेतून निवृत्त झालेत. बोलणं इतकं गोड की त्यांनी नकार दिलाय हे आपल्याला घरी पोचल्यावर कळतं. त्यांना त्या खोलीत व्यायामाची यंत्रं बसवायची आहेत. एकवीस जूनच्या सभेत निकाल. खोली गेली तर वर्ग गेला, कारण आमच्या फ्लॅटमध्ये एवढी मुलं मावत नाहीत. वरदच्या बदल्यांमागे मी गावोगाव फिरले आणि सगळीकडे ‘मिसेस इंजिनियर’ राहिले. इथं पहिल्यांदाच मुलं खालून ‘खटपट आंटी’ म्हणून ओरडतात. मला ही खोली हवी आहे. अगदी लहान मुलासारखी हट्टानं हवी आहे.

तुम्ही जन्मभर मुलांना शिकवलंत. मोठ्यांचीही बोलती बंद होईल असा एखादा प्रयोग सुचवा ना. अवनीचा तुम्हाला नमस्कार. आठ वर्षांची झाली, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. तुमची माया अशीच पार्सलानं येत राहो.

तुमची,
दीप्ती


सातारा
२४ मे

चि. सौ. दीप्तीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि पृथ्वीराज मला फार आवडला. माझ्या वर्गात असता तर त्याला मॉनिटर केला असता.

व्यायामाची यंत्रं म्हणे! माणसांनी जिने चढावेत. खोली तुलाच मिळणार, कारण तुला मी असा प्रयोग देते आहे की तुझे ते गोडबोले सक्सेनाजी तोंड उघडतील आणि मिटायचं विसरतील. शून्य सावली! वर्षातल्या ठरावीक दिवशी भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गुल होते. थेट काठीच्या पायाखाली. आमच्याकडे हा दिवस याच महिन्यात होऊन गेला. दरवर्षी मी आळीतली पोरं अंगणात उभी करते आणि सावली गेली की आम्ही सगळे मिळून ओरडतो. मला ऐकू येत नाही म्हणून मी जास्तच ओरडते.

तुमच्याकडे कधी, तो हिशोब मी चुटकीसरशी केला. आमच्यानंतर चार दिवसांनी पुणे, मग मुंबई, महिनाअखेरीला नागपूर. म्हणजे जितकं उत्तरेला, तितका उशीर. तुम्ही नकाशात पार वर टांगलेले, तेव्हा जून उजाडणार. एकवीस जून हा सगळ्यांत मोठा दिवस, सूर्य त्याच्या पलीकडे सरकत नाही. तो धर. तुझी सभाही त्याच दिवशी, याला म्हणतात योग! डोळे मिटून सगळ्या सोसायटीला आमंत्रण दे.

तोवर एक काठी वाळूच्या बादलीत सरळ उभी कर. रोज दुपारची सर्वांत आखूड सावली कागदाच्या पट्टीनं मापायची, पट्टी तेवढीच कापायची आणि तारीख टाकून भिंतीला चिकटवायची. पट्ट्या आखूड होत गेलेल्या बघून मुलं वेडी होतात.

उन्हात डोक्याला ओलं फडकं बांध. वरदला म्हणावं, मेतकूट तळहातावर खाणं त्याच्या वडिलांचंही होतं. प्रकृतीला जप, आणि या म्हातारीवरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
चंद्रप्रभाआत्या


लखनौ
९ जून

ती. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही थोर आहात! सोसायटीत दुसरा विषय नाही. लिफ्टमध्ये मी पाटी लावली आहे की रविवारी २१ जूनला भर दुपारी छाया ग़ायब होणार, सर्वांनी यावं. सकाळी योगदिन, मग नाश्ता, मग सावलीचा निरोप आणि लगेच सभा. सावली गेल्याबरोबर लोक खुळावलेले असतील, त्याच क्षणी मी खोली मागणार. बघा मी किती धूर्त झाले आहे.

इकडे लू, भाजून काढणारा वारा, सुटली आहे. तरी माझी पलटण रोज बाराला ओले गमछे बांधून गच्चीवर हजर. मॉपचा दांडा बादलीत रोवला आहे. पट्टी कापायचा मान रोज एकाचा. पृथ्वीराजनं त्याच्या पाळीला पट्टी चाटून चिकटवली आणि डिंकापेक्षा तीच घट्ट बसली आहे.

घरात मात्र एक विरोधी पक्ष तयार झालाय. अवनी! रोज क्लबरूमच्या भिंतीसमोर उभी राहते आणि तोंड वाकडं करते. तिचं म्हणणं, पट्ट्या आधी भराभर लहान होत होत्या, आता कंजूसी करताहेत. कालची आणि आजची तर जुळ्या बहिणी दिसतात. अशानं सावली संपायच्या आधीच थांबून जाईल, मम्मा, ये जाएगी नहीं. मी तिला सांगितलं की मोठ्यांनी सांगितलेलं जरा ऐकावं, आत्याआजींनी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. त्यावर वरद पेपरातून डोकं न काढता म्हणाला, मुलगी म्हणते ते एकदा तपासून बघ. म्हटलं, तुम्ही रेल्वेचे रूळ तपासा, सूर्य आमच्याकडे असू दे.

एक प्रश्न. मॉपचा दांडा इतक्या लोकांना दिसेल का? सक्सेनाजी स्वतः पहिल्या रांगेत बसणार आहेत. ताबडतोब लिहा. उन्हातही मी हवेत तरंगते आहे, तेव्हा प्रेमाचा दोरा तेवढा हातात धरून ठेवा.

तुमची,
दीप्ती


सातारा
१४ जून

चि. सौ. दीप्तीस,
अ. उ. आ.

दांडा बदल! मोठ्या माणसांची नजर अधू आणि लक्ष त्याहून अधू. त्यांना भव्य काहीतरी लागतं. तुमच्या आवारात झेंड्याचा खांब असेलच, तोच घे. वीस फुटी खांबाची सावली गुल झाली म्हणजे सक्सेनाजी यंत्रं विसरून तुला माळ घालतील.

अवनीचं डोकं चालतं याचं मला कौतुक आहे, पण तिला म्हणावं, बाळ, सूर्याला वाटेत उतरायची सवय नाही. निघाला की डोक्यावर येतोच. तुझ्या आत्याआजीनं जन्मभर पाहिलंय.

हे पत्र स्पीडपोस्टानं टाकते आहे. पोस्टातल्या विजयनं विचारलं, एवढी कसली घाई. मी सांगितलं, लखनौत माझी इज्जत टांगली आहे. जय होवो, आणि म्हातारीची आठवण ठेवत जा.

तुझी,
चंद्रप्रभाआत्या


लखनौ
२२ जून

ती. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, गेली नाही.

सगळं क्रमानं सांगते, नाहीतर पुन्हा हसू फुटेल आणि मग रडू. आकाश स्वच्छ होतं. झेंड्याच्या खांबाभोवती मुलांनी रांगोळीचं वर्तुळ काढलं होतं. सक्सेनाजींनी माइक आणला होता. पृथ्वीराजच्या दादीला हे ग्रहणच वाटलं, म्हणून त्यांनी सकाळपासून उपास धरला होता आणि वाजवायला थाळी आणली होती. बारा वाजता सगळी सोसायटी छत्र्या घेऊन गोल उभी. छत्र्यांच्या सावल्या खांबाच्या सावलीवर पडायला लागल्या म्हणून मी सगळ्यांना छत्र्या मिटायला लावल्या. त्रेचाळीस डिग्रीत. माझ्या शब्दाखातर मिटल्या हो सगळ्यांनी!

सावली आखूड होत होत आली. मुलं उलटी मोजणी करायला लागली, दादींनी थाळी बडवली, आणि सावली फुटाच्या वर थोडी उरून तिथंच बसली. आम्ही वाट पाहिली. मग ती हळूच दुसऱ्या बाजूला वळायला लागली. मॉपचा दांडा ठेवला असता तर उरलेली चिमूटभर सावली मी पायाखाली झाकली असती. पण वीस फुटी खांब! सक्सेनाजींनी टाळीसाठी उचललेले हात तसेच जोडले आणि अत्यंत अदबीनं विचारलं की साया साहब तशरीफ़ कब ले जाएँगे. मागून कोणीतरी वरदला विचारलं, इंजिनियर साहब, ये भी आप ही के रेल महकमे की चीज़ है क्या, लेट चल रही है. जे हसू उसळलं, आत्या! मला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी आणि मी, खांब आणि खोली एकदमच आत जावं.

तेवढ्यात अवनी क्लबरूमकडे पळाली आणि भिंतीवरच्या पट्ट्या ओरबाडून घेऊन आली. पृथ्वीराजची चाटलेली पट्टी प्लास्टरसकट आली. तिनं त्या भर उन्हात फरशीवर ओळीनं मांडल्या आणि सगळ्यांना सांगितलं की मी आधीच बोलले होते, लखनौची छाया इतकीच लहान होते, आता ती परत वाढणार. जैसे आई थी, वैसे ही जाएगी.

सक्सेनाजी कटकट वाजणारे गुडघे टेकून तिच्यासमोर बसले. बँकेतला माणूस, खात्री झाल्याशिवाय सही नाही. त्यांनी विचारलं, वाढणार हे कशावरून, आणि कधी दिसेल. अवनीनं बोटांवर मोजलं आणि सात जूनची पट्टी उचलून त्यांच्या हातात दिली. म्हणाली, चौदा दिवसांपूर्वी ही होती, तर चौदा दिवसांनी पुन्हा हीच येईल. मॉपवाल्या दांड्याची. मोजून बघा.

पट्टीवर सही करून त्यांनी ती खिशात घातली आणि माइकवर जाहीर केलं की सभेचा निर्णय पाच जुलैपर्यंत तहकूब. पट्टी जुळली तर खोली मुलांची, नाही जुळली तर यंत्रांची ऑर्डर जाईल.

म्हणजे आता माझा वर्ग एका कागदाच्या पट्टीवर उभा आहे. मी घरी येऊन अवनीला पोटाशी धरलं आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, कोई बात नहीं, पर अब तो सुना करो. आत्या, तुमच्यावर राग मुळीच नाही, पण असं झालं कसं? तुमची माया तरी या सावलीसारखीच चिवट असू द्या.

तुमची,
दीप्ती


सातारा
२७ जून

चि. सौ. दीप्तीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी आधी देवापुढे बसले, मग हसायला लागले ते थांबेचना. शेजारची मालिनी पाणी घेऊन आली. तिला वाटलं ठसका लागला.

मग एक बटाटा घेतला. त्याच्या पोटावर पेननं आडवी रेघ काढली, ते विषुववृत्त. तिच्या जरा वर सातारा म्हणून एक टाचणी, आणखी वर लखनौ म्हणून दुसरी. खिडकीतलं ऊन म्हणजे सूर्य. बटाटा सूर्याकडे जेवढा झुकायला परवानगी आहे तेवढाच झुकवला. वाटेत साताऱ्याच्या टाचणीची सावली एकदा गेली. लखनौच्या टाचणीची शेवटपर्यंत राहिली. अगं, कर्कवृत्त तुमच्या खालून जातं! सूर्य भोपाळच्या जरासा वर येतो आणि तिथूनच परत फिरतो. तुमच्या डोक्यावर तो कधीच येत नाही, ना एकवीस जूनला, ना कधी! पोरांना मी कर्कवृत्त पाठ करून घेतलं आणि स्वतः मात्र पुणे, मुंबई, नागपूर करत त्यावरून उडी मारून गेले. आमच्या अंगणात सावली जाते म्हणजे जगात सगळीकडे जाते, असंच मी धरून चालले. खांबाचा सल्ला तर मीच दिला! दीप्ती, मी फार ओशाळले आहे गं. तुझी खोली गेली तर मला अन्न गोड लागणार नाही.

पण पोरगी! घट मंदावली, म्हणजे थांबणार. थांबली, म्हणजे उलटणार. हे तिला कोणी शिकवलं? पट्ट्यांनीच शिकवलं. तुझ्या वर्गाचं याहून मोठं प्रमाणपत्र कुठल्या खोलीत टांगणार तू?

बटाटा रात्री भाजीत घातला, टाचण्या काढून. पाच तारखेला दुपारी मी काहीही काम करणार नाही, नुसती बसून राहीन. निकाल लगेच कळव. चुकलेल्या माणसावरही लोभ करता येतो, तो करावा.

तुझी,
चंद्रप्रभाआत्या


लखनौ
६ जुलै

ती. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी श्वास घेते.

हे चौदा दिवस सोसायटीनं कसे काढले ते बघायला तुम्ही हव्या होतात. सक्सेनाजी रोज दुपारी सहज म्हणून गच्चीवर यायचे. दोन दिवसांनी स्वतःची फूटपट्टी घेऊन यायला लागले. चौथ्या दिवशी त्यांनी पृथ्वीराजला सुनावलं की बादलीला धक्का लागला तर खैर नाही. तुमचा बटाटा मी वर्गात करून दाखवला. एकूण एक मूल घरी जाऊन बटाट्यांना टाचण्या टोचायला लागलं. आता आया मला बघितलं की पिशवी लपवतात.

आणि पाच तारखेला सकाळपासून ढग. मिट्ट! साडेअकराला मी देवाला नवस बोलले, पावणेबाराला दुसरा. गच्चीवर उभं राहायला जागा नव्हती. दादी याही वेळी थाळी आणि उपास दोन्ही घेऊन आल्या होत्या. बारा वाजून गेले तरी दांड्याखाली नुसता करडा उजेड. सक्सेनाजी घड्याळ बघून हळहळले, मनापासून हळहळले. मग एकदम कोणीतरी ओरडलं, धूप! ढगाला भोक पडलं होतं, आणि दांड्याची सावली फरशीवर अशी लख्ख उतरली की सगळे एकदम पुढे सरकले.

सक्सेनाजींनी खिशातून पट्टी काढली. त्यांनी ती अवनीकडे दिली आणि तिनं ती सावलीवर ठेवली. आत्या, जुळली! टोकाला टोक. केसाएवढा फरक असेल, तो पृथ्वीराजनं पुढे वाकून स्वतःच्या सावलीनं झाकून टाकला. मी इतक्या जोरात ओरडले की तुम्हाला साताऱ्यात यंत्राशिवाय ऐकू आलं असेल. वरद पेपराशिवाय नाचला. ढग पुन्हा मिटले, पण आता मिटू देत की!

सक्सेनाजी कडक आवाजात म्हणाले, मोहतरमा, कमरा आपका. मग घसा खाकरून त्यांनी एक अट घातली. शनिवारी आपल्यालाही चटईवर बसू द्यावं, कारण साठी उलटली तरी सूर्य परत का फिरतो हे आपल्याला कोणी हाताला धरून दाखवलं नव्हतं. मला भरून आलं. मी मान हलवली. त्यांची जागा पृथ्वीराजशेजारी आहे. शेंगदाणे मोजायला ठेवलेत.

सोबत अवनीचं पत्र आहे. मराठीत! मी एक अक्षर सांगितलं नाही. चुका तशाच ठेवल्या आहेत. आज मला सगळ्या जगाचं प्रेम पुरून उरलंय, तरी तुमचं हवंच.

तुमची,
दीप्ती


लखनौ
६ जुलै

ती. आत्याआजीला,
नमस्कार.

मी अवनी. मम्माला रूम मिळाला. आता तिथे आमच्या पट्ट्या परत लावणार आहे, रोजची एक, पूर्ण सालभर. दिसंबरमध्ये पट्टी भिंतीच्या बाहेर जाईल असं सक्सेना अंकल म्हणतात.

आजी, तुम्ही लिहिलं की साताऱ्यात सावली पूर्ण जाते. पण तुम्ही लखनौची पण जाते असं लिहिलं होतं. म्हणून मी पापाला विचारलं की आजीने साताऱ्याची कधी पट्टीने मोजली का. पापा म्हणाले, ती फक्त ओरडते.

म्हणून मी मेमध्ये येते. दांडा आणि बादली मी घेऊन येते, वाळू तुम्ही ठेवा. तुम्ही खोटं बोलत नाही, मला माहीत आहे. पण मी बघितल्याशिवाय मानणार नाही. जर गेली तर मी तुमच्यापेक्षा जोरात ओरडीन.

रागवू नका. माझ्यावर प्रेम करा, मी पण करते.

तुमची,
अवनी